कोड, कोढ आणि महारोग

मराठीत 'कोड' हा शब्द मोठा गमतीचा आहे. आईबाप मुलांचे कोड पुरवतात, जावयाचं कोडकौतुक होतं, आणि अंगावर पांढरे डाग उठले की त्यालाही आपण कोडच म्हणतो. पहिल्या कोडाला घरातले सगळे हौसेनं हजर असतात. दुसऱ्याचं नाव मात्र दार लोटून, आवाज खाली आणून घेतलं जातं.

मी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि पुढची सारी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची खोड आहे, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. मागे ओळखीतल्या एका घरी मुलीचं लग्न ठरता ठरता राहिलं. मुलीच्या कोपराजवळ दोन रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग होता. निरोप आला तो असा : "बाकी सगळं पसंत आहे हो, पण ते तेवढं..." पुढचं वाक्य पुरं करायची कुणालाच गरज वाटली नाही. त्या 'ते तेवढं'चा इतिहास आज सांगायचा आहे. तो थोडा लांबचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमचं दीपनगर म्हणजे भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. एकाच इमारतीत खालच्या घरात लेवा बोली, वर वऱ्हाडी, शेजारी अहिराणी आणि समोर उत्तरेकडून आलेल्या कुटुंबाची हिंदी, असा इथला नित्याचा मामला. रेल्वेमुळे भुसावळचंही तेच. आता गंमत बघा. संस्कृतातल्या 'कुष्ठ' शब्दावरून प्राकृतात जो शब्द आला, त्याचं मराठीत झालं 'कोड' आणि हिंदीत झालं 'कोढ'. पण मराठी माणूस कोड म्हणतो ते निरुपद्रवी पांढऱ्या डागांना, आणि हिंदी माणूस कोढ म्हणतो ते महारोगाला. तिकडे गुजरातीत पुन्हा कोढ म्हणजे पांढरे डाग, आणि महारोगाला म्हणतात रक्तपित्त. आपल्याकडे जुनी माणसं महारोगाला रक्तपिती म्हणत, तसंच. खान्देश हा या तिन्ही भाषांच्या सांध्यावर वसलेला मुलूख. इथे एका 'ह'चा फरक पडला की माणसाचा आजारच बदलतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1998 सालची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुरेख, पाठांतर पक्कं. तिच्या ओठाच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना पांढरे डाग आले होते. तिच्या आईनं शेजारी सांगितलं, "पोरीला कोड आलंय." शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरात ते 'कोढ' असं ऐकलं गेलं. आठ दिवसांत वसाहतीतली मुलं तिला 'कोढी' म्हणू लागली. मधल्या सुट्टीत तिच्याजवळ डबा उघडायला कुणी बसेना. तिचे वडील शाळेत आले ते एकच विचारायला : "बाई, काढून घेऊ का हिला शाळेतून?" मग ओघानं बाकीचे प्रश्न आले. हे लागतं का? कशानं झालं असेल? जाईल का? आणि शेवटी, मान खाली घालून, हिचं लग्न होईल का?

नेमकी त्याच वर्षी देशभर कुष्ठरोग शोधमोहीम निघाली होती. आरोग्य कर्मचारी घरोघर, शाळाशाळांतून फिरत होते. सातवीतल्या एका मुलाच्या पाठीवर फिकट चट्टा दिसला. कर्मचाऱ्यानं त्याला डोळे मिटायला लावले, कापसाची वात त्वचेला हलकेच टेकवली आणि जिथे कळेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. चट्ट्याच्या बाहेर त्यानं बरोबर बोट ठेवलं, चट्ट्यावर त्याला कळेचना. त्याला गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने त्यानं त्या घेतल्या, बरा झाला. शाळेत मुख्याध्यापक आणि आम्ही दोघं-तिघं सोडून कुणाला पत्ताही लागला नाही.

म्हणजे पाहा, जो आजार एकापासून दुसऱ्याला होऊ शकतो तो त्या मुलाला होता आणि त्याच्या डब्यात सगळे हात घालत होते. जो कुणापासून कुणालाही होत नाही तो त्या मुलीला होता आणि ती एकटी जेवत होती. मुलाच्या डब्यात हात घालणाऱ्यांचंही काही बिघडलं नाही, ते का, ते पुढे येईलच.

या दोन आजारांची सरमिसळ आजची नाही. अथर्ववेदात 'किलास' नावाच्या पांढऱ्या डागांवर सूक्तं आहेत. रात्री उगवलेल्या काळ्या वनस्पतीला तिथे विनवलं आहे, की या डागाला रंग दे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. या अकरांमध्ये गजकर्ण आहे, खरूज आहे. म्हणजे तेव्हा कुष्ठ हा कातडीच्या बहुतेक सगळ्या विकारांचा मिळून एक मोठा खण होता. पांढऱ्या डागांना चरकानं 'श्वित्र' म्हटलं, पण त्यांचा विचार केला तो कुष्ठाच्याच अध्यायाच्या शेवटी. सुश्रुतानं मात्र फरक स्पष्ट सांगितला आहे : किलास फक्त त्वचेत राहतं आणि त्यातून स्राव होत नाही. आजचा डॉक्टर जे सांगेल त्याच्या हे किती जवळ आहे!

पण पुढे काय झालं, तर शब्द पुढे आले आणि फरक मागे पडला. श्वित्राचं 'श्वेतकुष्ठ' झालं. ते ऐकायला भारदस्त वाटतं, जाहिरातीत शोभतं. पण ज्या दिवशी कोडाच्या नावात कुष्ठ शिरलं त्या दिवशी महारोगाची सगळी भीती कोडाच्या पाठीवर येऊन बसली. आणि महारोगाची भीती काही साधी नव्हती.

आता त्या वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. हे लागतं का? कोडाबाबत उत्तर सरळ आहे : नाही. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणाच काही कारणानं या पेशींवर उलटते आणि त्या नाहीशा होतात, म्हणून तेवढी जागा पांढरी पडते. त्या डागावरचे केसही पुष्कळदा पांढरे होतात. स्पर्श, ऊन, थंडी सगळं तिथे नेहमीसारखं कळतं. जगात दर शंभरात एखाद्याला हे असतं. ताट, टॉवेल, अंथरूण, हस्तांदोलन, कशानंही ते दुसऱ्याला होत नाही.

महारोगाचं उत्तर मिळायला जगाला फार काळ लागला. 1873 साली नॉर्वेत बर्गेन या गावी हान्सेन नावाच्या डॉक्टरनं या रोगाचा जंतू शोधला. तोवर लोक याला आनुवंशिक म्हणत, देवाचा कोप म्हणत. जंतू सापडल्यावर खरं तर भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. याच हान्सेननं पुढे एका रुग्ण बाईला न विचारता तिच्या डोळ्यात रोगाचा अंश टोचून पाहिला. तिनं तक्रार केली, 1880 साली खटला झाला आणि रुग्णालयातली त्याची जागा गेली. रोग्यालाही होय-नाही म्हणायचा हक्क आहे, हे त्या काळी एका गरीब बाईनं कोर्टात उभं राहून सांगितलं, हे मला जंतूच्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

1889 साली हवाई बेटांतल्या मोलोकाई इथे रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगानं वारले. ही बातमी साऱ्या जगात गेली आणि इंग्रज राज्यात खळबळ उडाली. 1890-91 मध्ये एक आयोग हिंदुस्थानात फिरला. त्यानं निष्कर्ष काढला की या रोगाचा संसर्ग फार थोडा आहे, सक्तीनं कोंडून ठेवायची गरज नाही. तरीही 1898 साली कायदा झालाच. त्या कायद्यानं जखमा सुरू झालेल्या, भीक मागणाऱ्या रुग्णाला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत आणि आश्रमात नेऊन ठेवता येई. अन्न विकणं, सार्वजनिक विहिरीचं पाणी भरणं, भाड्याची गाडी हाकणं यांवर बंदी घालायची मुभाही सरकारला होती. ध्यानात घ्या, पकडायचं होतं ते निराधार गरिबाला. पैसेवाला रुग्ण आपल्या माडीवर सुखरूप होता. मुंबईत त्याच्या आधीच, 1890 साली, म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम उभारला होता. ते रुग्णालय वडाळ्याला त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

हा 1898 चा कायदा देशाच्या पुस्तकातून पुरता निघाला कधी, तर 2016 साली!

खरं उत्तर असं आहे, की महारोग लागतो पण फार कष्टानं लागतो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळच्या, जवळच्या सहवासातूनच तो होण्याची शक्यता असते. आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना धोका राहत नाही. सातवीतल्या त्या मुलाच्या डब्यात हात घालणाऱ्यांचं काही बिघडलं नाही, ते यामुळे.

आपल्या महाराष्ट्रानं या भीतीशी जो सामना केला तो अभिमानानं सांगावा असा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेनं 1936 साली काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या उजाड माळावर आनंदवन वसवलं. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या आपल्या रेल्वेमार्गाच्या आसपासचाच हा सगळा पट्टा.

या थोर मंडळींची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. डॉ. वारदेकरांचं नाव फारसं कुणी घेत नाही. 1951 साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथे त्यांनी साधी पद्धत बसवली. गावोगाव जाऊन माणसं तपासायची, लोकांना समजावून सांगायचं आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून औषध द्यायचं. रुग्णाला गावाबाहेर न्यायचं नाही, औषधानं गावात यायचं. माझ्या शाळेत कापसाची वात घेऊन आलेला तो कर्मचारी याच विचाराच्या वाटेनं आलेला होता.

दुसरा प्रश्न : कशानं झालं? इथे आपल्या लोकांच्या कल्पनेला पूर येतो. मागच्या जन्मीचं पाप, आईनं ग्रहणात काही चिरलं, दुधाबरोबर मासे खाल्ले. हे दूध-माशांचं तर मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की ज्या घरात सात पिढ्या मासळी शिजली नाही तिथेही तेच कारण सांगतात! दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं कोड येतं असं कुठे सिद्ध झालेलं नाही. दही, लिंबू, मीठ, सगळं पांढरं आणि आंबट तोडून मुलीला अळणी जेवायला लावणारी घरं मी पाहिली आहेत. डाग होते तिथेच राहिले, पोर मात्र वाळली. काही घराण्यांत कोड जास्त दिसतं हे खरं, पण आईला असलं म्हणजे मुलीला येणारच असं मुळीच नाही.

महारोगाबाबत तर आणखी एक समज होता, की हातापायांची बोटं झडून पडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1946 नंतर या गोष्टीचा छडा लावला. जंतू नसांना इजा करतो, हातापायांना बधिरपणा येतो. मग तापलेल्या तव्याचा चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो, रात्री उंदीर कुरतडून जातो. बोटं जातात ती या न कळलेल्या जखमांनी. म्हणून औषधाइतकीच महत्त्वाची ठरली ती मऊ रबराची चप्पल आणि रोज संध्याकाळी आपले तळवे आपणच बघायची सवय. दुखणं ही किती मोठी देणगी आहे, ते या आजारानं माणसाला शिकवलं.

तिसरा प्रश्न : जाईल का? महारोग जातो. 1940 च्या दशकात डॅप्सोन आलं. वर्षानुवर्षं एकच गोळी खाऊन जंतू तिला पचवायला शिकले, म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेनं दोन-तीन औषधं एकत्र द्यायचं ठरवलं. आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर औषध, तेही सरकारी दवाखान्यात फुकट. लघवी लाल झाली, कातडी काळवंडली म्हणून लोक घाबरून गोळ्या सोडत. तो औषधांचाच रंग असतो, गोळ्या थांबल्यावर ओसरतो. 1983 मध्ये आपल्या देशात दर 10,000 माणसांमागे 57 हून अधिक रुग्ण होते, 2005 च्या अखेरीस ते एकाच्या खाली आले. अर्थात रोग संपला असं नाही. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात.

कोडाचं उत्तर एवढं सरळ नाही. काहींचे डाग औषधांनी, अतिनील किरणांच्या उपचारांनी भरून येतात, काहींचे येत नाहीत. स्थिर झालेल्या डागांवर कातडीरोपणही होतं. आपल्या आयुर्वेदात बावची सांगितली आहे, आणि तिच्यातल्याच जातीचं द्रव्य इजिप्तमधल्या एका रानवनस्पतीत सापडून 1940 च्या दशकात तिथे आधुनिक उपचार सुरू झाले, हे वाचून मला नवल वाटलं. पण म्हणून बावचीचं तेल लावून उन्हात बसू नका, कातडी भाजते. त्वचेच्या डॉक्टरांनाच विचारा. रेल्वेच्या कडेनं भिंतीभिंतींवर रंगवलेल्या 'सफेद दाग' वाल्या खात्रीच्या इलाजांपासून तर दूरच राहा. 1954 च्या कायद्यानं ज्या आजारांवर अशा जाहिराती करायला बंदी आहे त्यांच्या यादीत हे दोन्ही आजार आहेत. इंग्रजी अक्षरक्रमामुळे ते एकाखाली एक आले आहेत. कायद्याच्या कागदावरही शेजार काही सुटला नाही!

आणि चौथा प्रश्न, लग्नाचा. महारोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाहाच्या कायद्यांत होतं. रोग बरा होऊ लागल्यावरही ते कलम तसंच होतं, 2019 साली ते काढलं गेलं. कोडाचं नाव अशा कुठल्या कलमात नव्हतंच. तिथे कायदा काय काढणार? ते कलम आपल्या बैठकीच्या खोलीत लिहिलेलं आहे, चहा-पोह्यांच्या बशीशेजारी. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्या लोकांसाठी श्वेता असोसिएशन सुरू केली. 2006 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर आला. देविका दफ्तरदारनं त्यात कोड असलेल्या तरुण डॉक्टरची भूमिका केली आहे. न पाहिला असेल तर जरूर पाहा, घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. त्या आठवीतल्या मुलीवरून शाळेत पालकसभा झाली. एक शिक्षक उभे राहिले आणि तळमळीनं म्हणाले, "अहो, हे कोड आहे, महारोग नाही! महारोग असता तर आम्हीच तिला वर्गात बसू दिलं नसतं." लोकांना पटलं. माना डोलल्या. दुसऱ्या दिवसापासून मुलीजवळ दोघी-तिघी डबा घेऊन बसू लागल्या. पण सभेत तिसऱ्या रांगेत त्या सातवीतल्या मुलाची आई बसली होती. ती काही बोलली नाही, उठूनही गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे, की "हा महारोग नव्हे" हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. कोडाला वाचवताना आपण महारोग्याला खड्ड्यात आणखी खोल ढकलतो. जणू कोडाचा गुन्हा शाबीत झाला नाही, पण महारोगाची शिक्षा मात्र योग्यच आहे! एकाला निर्दोष ठरवायला दुसऱ्याला दोषी धरावं लागतं तोवर भीती जागच्या जागीच राहते, फक्त तिचा पत्ता बदलतो. आज कोपरावरच्या डागाला 'ते तेवढं' म्हणणारी माणसं वैद्यकाचं अज्ञान दाखवतात असं आपण म्हणतो. पण उद्या त्यांना सारं वैद्यक कळलं, आणि समोर बरा झालेला, बोटं थोडी वाकलेली महारोगी आला, तर? त्याच्या हातचा चहा घेतील का?

ती मुलगी शिकली, आज नोकरी करते. डाग आहेत, थोडे वाढलेत. लग्न तिनं केलं नाही. जमलं नाही की नको वाटलं, ते मी विचारलेलं नाही. तो मुलगा कुठे असेल ठाऊक नाही. कुठेतरी संसार करत असेल आणि पाठीवरच्या चट्ट्याची गोष्ट बायकोलाही बोलला नसेल.

असो. दरवर्षी 30 जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीला कुष्ठरोगविरोधी दिन पाळतात. त्या दिवसाची वाट न बघता एवढं करा. घरात कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर कापसानं स्पर्श करून पाहा. बधिर असेल, तिथले केस गेले असतील, घाम येत नसेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. दुधासारखा पांढरा डाग असेल आणि स्पर्श नीट कळत असेल तर बहुधा कोड असेल, तेही डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. आणि दोन्हींपैकी काहीही निघालं, तरी त्या माणसाचं ताट आपल्या ताटाशेजारीच मांडा.